शोकाकुल घराला काम : मेथॉडिस्ट बंधुसंघाच्या इतिहासातील काही पाने

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांपैकी एखादी निवडावी असा आमचा प्रथम विचार होता. त्या निमित्ताने मंडळाची जुनी इतिवृत्ते चाळीत असता १९८१ सालच्या एका सभेची दीड ओळीची नोंद दृष्टीस पडली आणि मोहिमांचा बेत तेथेच राहिला. 'दिवंगत सभासदाच्या पत्नीस काम मिळवून देण्याबाबत विचार झाला. ओळखीने व्यवस्था झाल्याचे चिटणिसांनी सांगितले.' एवढीच ती नोंद. त्या 'ओळखीने' या एका शब्दामागे अडीचशे वर्षांचा इतिहास उभा आहे, हे त्या वेळी आम्हां कोणासच ठाऊक नव्हते.

मंडळ तेव्हा सहा वर्षांचे होते. एका खाजगी कारखान्यात हिशेबनीस असलेले आमचे एक सभासद ऐन थंडीत, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, चार दिवसांच्या आजाराने गेले. मागे पत्नी आणि दोन मुले. राहती जागा कारखान्याची. ती तीन महिन्यांत रिकामी करावयाची होती. दीर मुंबईस चाळीतल्या एका खोलीत राहणारे, त्यांचाच संसार कसाबसा चाललेला. वहिनींचे शिक्षण कोकणातल्या गावी मराठी सातवीपर्यंत, आणि हिंदी म्हणाल तर भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरते. मंडळाने वर्गणी काढली, १,१४० रुपये जमले, ते नेऊन दिले. नंतर आम्ही तिघेचौघे ओळखीपाळखीच्या कचेऱ्यांतून फिरलो. सर्वत्र हळहळ व्यक्त झाली आणि सर्वत्र 'कळवतो' हे उत्तर मिळाले.

आमच्या कचेरीतील एक सहकारी मेथॉडिस्ट पंथाचे ख्रिस्ती होते. समाचाराला ते आमच्याबरोबर आले होते. परतताना त्यांनी विचारले, "उन्हें काम क्या-क्या आता है?" या साध्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी एकालाही देता आले नाही. तीन आठवडे आम्ही त्यांच्यासाठी काम शोधीत होतो. पण त्यांना काय येते, दिवसाचे किती तास त्या घराबाहेर राहू शकतील, मुळात त्यांना येथे राहावयाचे आहे की गावी परतावयाचे आहे, हे त्यांना विचारण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. आम्ही शोकाकुल घराला मदत करीत होतो. ते गृहस्थ एका बाईसाठी काम शोधू लागले. दर बुधवारी संध्याकाळी कोणा एकाच्या घरी जमणाऱ्या त्यांच्या दहाबारा जणांच्या प्रार्थनामंडळीत त्यांनी हा विषय काढला, आणि दहा दिवसांच्या आत तीन ठिकाणांची नावे घेऊन ते आमच्या टेबलाशी आले.

ही रीत त्यांना कोणी शिकविली, याचा शोध आम्ही पुढे सवडीने घेतला. तो येथे सादर करतो.

मेथॉडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याचा जन्म १७०३ साली इंग्लंडात एपवर्थ या खेड्यात झाला. वडील सॅम्युअल हे तेथील धर्मोपदेशक. घर मोठे, मिळकत तोकडी आणि देणी कायमची. मुलगा दोन वर्षांचा असताना, १७०५ साली, बापाला कर्जापायी लिंकनच्या किल्ल्यात कैद भोगावी लागली होती. १७३५ च्या एप्रिलात सॅम्युअल वारले. ज्या दिवशी त्यांचे दफन झाले, त्याच दिवशी थकलेल्या पंधरा पौंड खंडापोटी त्यांच्या विधवेची चाळीस पौंडांहून अधिक किमतीची गुरेढोरे जमीनमालकिणीने जप्त केली. सुझाना वेस्ली ही विदुषी बाई त्यानंतर मुलामुलींच्या आश्रयाने राहिली आणि १७४२ साली लंडनमध्ये जॉनच्या बिऱ्हाडी वारली. जॉनच्या चरित्रात १७३८ सालच्या आध्यात्मिक अनुभवाला जे स्थान मिळते, ते योग्यच आहे. परंतु कर्त्या माणसाचे दफन आणि गोठा रिकामा होणे या दोन गोष्टी एकाच दिवशी पाहिलेल्या घरातला हा मुलगा होता, हे विसरल्यास त्याने पुढे केलेल्या व्यवस्थेचे मर्म हाती लागत नाही, असे आम्हांस वाटते.

१७३९ साली वेस्लीने ब्रिस्टलला उघड्या मैदानात प्रवचने करण्यास आरंभ केला. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये मूरफील्ड्सजवळ तोफा ओतण्याचा एक पडीक कारखाना त्याने घेतला. १७१६ साली तेथे मोठा स्फोट झाल्यापासून ती इमारत ओसाड पडली होती. 'फाउंडरी' या नावाने ती पुढे या बंधुसंघाचे मुख्य ठाणे झाली. प्रवचनाला येणारी माणसे बहुतांशी विणकर, मोलकरणी, खाणमजूर आणि लहान कारागीर. घरातले एक माणूस अंथरुणाला खिळले की त्या घराची चूल थंडावे.

१७४० च्या नोव्हेंबरात वेस्लीने आपल्या रोजनिशीत एका प्रयोगाची नोंद केली आहे. काम नसलेल्यांचे काय करावे याविषयी अनेक सूचना आल्या. शेवटी सर्वांत गरीब अशी बारा माणसे निवडली, एक शिकविणारा नेमला, आणि सभेच्या खोलीतच त्यांना कापूस पिंजण्यास व सूत कातण्यास बसविले. वसंत ऋतू येईपर्यंत चार महिने हे काम चालले. त्यांच्या श्रमाच्या उत्पन्नातूनच त्यांचा निर्वाह जवळजवळ भागला. वरून फारच थोडी भर घालावी लागली. रविवारी जेथे प्रार्थना, तेथेच एरवी पिंजण आणि चाती! देवघरात कापसाचे तंतू उडाले म्हणून त्या वेळी कोणी नाके मुरडली असतीलही. वेस्लीला त्याचे काही वाटलेले दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १७४१ च्या ७ मे रोजी, त्याने सर्व सभासदांसमोर अधिक व्यापक योजना मांडली. अनेकांना पुरेसे अन्न नाही, वस्त्र नाही, आणि स्वतःचा काही दोष नसताना अनेकांचे काम सुटलेले आहे, हे त्याने प्रथम सांगितले. ज्याच्याजवळ अधिक कपडे असतील त्याने ते आणावेत, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी किंवा जमेल ते द्यावे, आणि काम नसलेल्या ज्या स्त्रियांची इच्छा असेल त्यांना विणकाम द्यावे, अशी ती योजना होती. त्यातील मजुरीचा नियम आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. विणलेल्या मालाला प्रथम बाजारात चालणारा दर द्यावयाचा, आणि नंतर ज्या स्त्रीची जशी गरज असेल तशी वर भर घालावयाची. दोन्ही रकमा एकाच हाताने दिल्या जात. पण आपल्या कामाचे मोल किती आणि बंधुभावाचा वाटा किती, हे त्या विणणाऱ्या बाईला वेगवेगळे कळत असे. या कामावर देखरेख करण्यास बारा माणसे नेमली होती. आपापल्या विभागातल्या आजाऱ्यांची त्यांनी दिवसाआड भेट घ्यावी आणि दर मंगळवारी संध्याकाळी जमून केलेल्या कामाचा हिशेब द्यावा, असे ठरले. आमच्या सहकाऱ्यांची बुधवारची मंडळी याच वंशातली.

त्या मंडळीचे बांधेसूद रूप मात्र एका कर्जातून जन्मले, ही गंमतीची गोष्ट आहे. ब्रिस्टलच्या 'न्यू रूम' या सभागृहाचे देणे कसे फेडावे, याचा विचार १७४२ च्या फेब्रुवारीत चालला होता. प्रत्येक सभासदाने आठवड्याला पेनी द्यावी, अशी सूचना एकाने केली. पुष्कळांना तेवढेही परवडणार नाही, असे कोणी म्हणताच सूचना करणाराने उत्तर दिले, की सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या; ते देतील तर ठीक, न देतील तर त्यांचे मी भरीन. अशा रीतीने बारा-बारांचे 'क्लास' म्हणजे गट पडले. वर्गणीसाठी गटप्रमुख घरोघर जाऊ लागला. आणि दर आठवड्याला दाराशी येणाऱ्याला घरातले दुखणे, बेकारी, भांडण आणि मृत्यू आपोआप दिसू लागले. वर्गणीच्या निमित्ताने विचारपूस होऊ लागली आणि पाहता पाहता विचारपूस हेच मुख्य काम ठरले. आपल्या मंडळाच्या वर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या मंडळींना यातले तथ्य वेगळे सांगावयास नको.

१७४३ साली वेस्लीने सभासदांसाठी 'सर्वसाधारण नियम' छापले. त्यांत परोपकाराच्या कलमाखाली स्पष्ट सांगितले आहे की, आपल्या मंडळीतल्या माणसाला कामावर घेताना इतरांपेक्षा अग्रक्रम द्यावा, खरेदी एकमेकांकडून करावी आणि धंद्यात परस्परांस साहाय्य करावे. यावर आक्षेप घेता येईल, नव्हे घ्यावाच. बाहेरच्या गरिबाने काय करावे? शिवाय काम मिळते म्हणून भक्ती करणारे निपजणार नाहीत काय? दोन्ही प्रश्न खरे आहेत. आपली भाषिक मंडळेही याच तराजूत उभी आहेत, म्हणून दुसऱ्याकडे बोट दाखविताना आम्ही थोडे सावध आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या चळवळीने उशिरा का होईना दिले. १७८५ च्या सुमारास लंडनमध्ये 'स्ट्रेंजर्स फ्रेंड सोसायटी' म्हणजे परक्यांची स्नेही संस्था निघाली. तिची मदत मुद्दाम मंडळीबाहेरच्या, आजारी, मित्रहीन परक्यांसाठी होती. मोठ्या शहरात नव्याने आलेला, ज्याची भाषा किंवा बोलण्याची ढब निराळी, ज्याला ओळख देणारे कोणी नाही, अशा माणसाचा स्वतंत्र विचार करणारी ही संस्था वृद्ध वेस्लीला फार भावली होती. परप्रांती पहिली रात्र फलाटावर काढलेल्या वाचकाला ती का भावावी, हे उमगेल.

काम देणे म्हणजे दर वेळी नोकरीच देणे नव्हे. हत्यार घेण्यास किंवा माल भरण्यास चार पैसे मिळाले तर पुष्कळांचे काम त्यांच्याच हातांत असते. १७४६ च्या सुमारास वेस्लीने कर्जाऊ निधी उभारला. तीस पौंड सोळा शिलिंग जमले. एका वेळी वीस शिलिंगांहून, म्हणजे एका पौंडाहून, अधिक द्यावयाचे नाही आणि परतफेड आठवड्याच्या हप्त्याने तीन महिन्यांत, असा नियम. अठरा महिन्यांत या निधीतून २५५ माणसांची अडचण भागली, असे त्याने १७४८ च्या जानेवारीत लिहून ठेवले आहे. जन्म हिशेबात गेल्यामुळे आम्ही हा आकडा कागदावर मांडून पाहिला. तीस पौंड तीन-तीन महिने पुरते अडकून पडले असते, तर सहा फेऱ्यांत पूर्ण पौंडाची जेमतेम १८५ कर्जे झाली असती. आठवड्याच्या हप्त्यामुळे पैसा लवकर मोकळा होई आणि लगेच दुसऱ्याच्या हाती जाई. आपल्या भिशीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

या निधीचा सर्वांत गाजलेला ऋणको म्हणजे जेम्स लॅकिंग्टन. हा जातीचा चांभार. खिशात अर्धा क्राऊन घेऊन १७७३ साली लंडनला आला. पुढल्या वर्षी एका स्नेह्याने सुचविल्यावरून त्याने लहानशी जागा भाड्याने घेतली आणि जोड्यांबरोबर जुनी पुस्तके मांडली. मेथॉडिस्टांच्या निधीतून त्याला पाच पौंड मिळाले. मर्यादा तोपर्यंत तेवढी वाढली होती. १७७५ साली तो आणि त्याची बायको दोघेही तापाने पडली. बायको गेली, हा स्वतः शुद्धीवर नव्हता. शुश्रूषेला ठेवलेल्या बायांनी दुकान धुऊन नेले असते. पण त्याच्या स्नेह्यांनी वेळीच दुकानाला कुलूप घातले. माणूस बरा होऊन उठला तेव्हा पत्नी नव्हती, पण व्यवसाय जागच्या जागी होता. दुःखिताला काम मिळवून देण्याइतकेच, दुःखाच्या दिवसांत त्याचे असलेले काम राखणेही मोलाचे असते, याचे इतके नेटके उदाहरण आम्हांस दुसरे आढळले नाही.

लॅकिंग्टन पुढे लंडनचा अग्रगण्य पुस्तकविक्रेता झाला. रोखीने आणि स्वस्त विकण्याची त्याची पद्धत प्रसिद्ध आहे. १७९१ साली त्याने आत्मचरित्र लिहिले आणि त्यात ज्यांनी भांडवल दिले त्या मेथॉडिस्टांचीच यथेच्छ टवाळी केली! १८०४ साली दुसरे पुस्तक लिहून त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला, आणि नंतर प्रार्थनामंदिरेही बांधून दिली. कृतज्ञता माणसाच्या मनात कोणत्या वर्षी उगवेल याचा नेम नसतो. निधीच्या वहीला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. पाच पौंडांचे काम झाले होते.

ज्यांच्याकडून आता कामच होणार नाही, अशा वृद्ध विधवांसाठी फाउंडरीजवळ दोन लहान घरे भाड्याने घेतली होती. १७४८ च्या सुमारास तेथे नऊ विधवा, एक अंध स्त्री आणि दोन अनाथप्राय मुले राहत. वेस्ली आणि गावात असतील ते उपदेशक त्यांच्याच पंक्तीला बसून तेच अन्न खात. ज्यांनी आपल्या समाजात विधवांची पाने वेगळ्या कोपऱ्यात मांडलेली पाहिली आहेत, त्यांनी ही पंक्त डोळ्यांपुढे आणावी. आणि १७८५ च्या जानेवारीत, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, हाच म्हातारा गरिबांच्या कपड्यांसाठी पाच दिवस लंडनच्या रस्त्यांतून घोटाघोटाएवढ्या वितळत्या बर्फात पायी फिरला आणि दोनशे पौंड मागून आणले.

आणखी एक लहानशी पण आमच्या विषयाला अगदी लागून असलेली रीत सांगितली पाहिजे. सभासद एका गावाहून दुसऱ्या गावी निघाला की त्याच्याबरोबर तेथील प्रमुखाची चिठ्ठी असे : हा अमुक आमच्या मंडळीत होता आणि त्याच्या स्थलांतराला पुरेसे कारण आहे. चिठ्ठीवाचून नव्या गावी प्रवेश नसे. परक्या गावात ओळख नसलेल्या माणसाला या कागदाने पहिल्या दिवशीच बारा घरे मिळत. घरातले माणूस गेल्यावर गाव सोडण्याची पाळी ज्याच्यावर आली, त्याला ही चिठ्ठी किती उपयोगी पडली असेल, याची कल्पना करता येते.

ही रीत हिंदुस्थानात, आणि तीही आपल्या मुंबईत, कशी आली ते आता थोडक्यात सांगतो. मेथॉडिस्टांचे काम उत्तर हिंदुस्थानात १८५६ पासून होतेच. १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर नावाचा अमेरिकन उपदेशक मुंबईत उतरला. त्याने प्रथम मंदिर बांधले नाही. लोकांच्या दिवाणखान्यांतून दहावीस जणांच्या 'फेलोशिप बँड' नावाच्या संगती सुरू केल्या. त्यांतले बहुतेक सभासद इंग्रज आणि अँग्लो-इंडियन होते. टेलरला मुंबईत जो मोठा सहकारी मिळाला, तो जॉर्ज बोवेन. याची वाग्दत्त वधू लग्नापूर्वीच वारली. तिने मागे ठेवलेल्या बायबलाने या नास्तिक तरुणाचे आयुष्य पालटले. १८४८ साली तो मुंबईस आला, लवकरच मिशनचा पगार नाकारला, गरिबांच्या वस्तीत त्यांच्यासारखाच राहिला आणि 'बॉम्बे गार्डियन' चालविता चालविता १८८८ साली याच शहरात वारला. कलकत्त्यात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ली मेमोरियल हे नाव ऐकून ठाऊक असेल. १८९९ च्या सप्टेंबरात दार्जिलिंगच्या दरडीखाली ली या मेथॉडिस्ट दांपत्याची सहा मुले गेली; त्यांच्या स्मरणार्थ मुलींसाठी आणि विधवांसाठी ते घर उभे राहिले.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी सर्वांत जवळचा धागा पंडिता रमाबाईंचा. रमाबाई स्वतः मेथॉडिस्ट नव्हत्या. परंतु अमेरिकेत त्यांना जी बळकट मैत्री लाभली, ती फ्रान्सिस विलर्ड मेथॉडिस्ट होती, आणि पुढे केडगावच्या मुक्ती सदनात वर्षानुवर्षे राबलेली मिनी एब्रम्स हीही मेथॉडिस्ट मिशनचीच. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. १८९३ साली धर्मांतराच्या वादावरून रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले. तो वाद खोटा नव्हता, आणि त्या थोर पुरुषांची अडचणही खरी होती. पण त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांची पत्नी झाली, आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. एका घराबद्दल शंका आली म्हणून आपण दुसरे घर बांधले. नुसती शंका घेऊन थांबलो असतो तर?

हा प्रश्न आम्ही सहज विचारीत नाही. १९८१ च्या त्या सभेत तीन नावांचा कागद पुढे ठेवला तेव्हा एक ज्येष्ठ सभासद उसळून म्हणाले, "मराठी घरातली बाई मिशनच्या दारात उभी करायची?" दुसऱ्या एकाने दुजोरा दिला. बराच वेळ खल झाला. शेवटी चिटणिसांनी विचारले, की मग तीन महिन्यांनी तिने कोणाच्या दारात उभे राहावे, ते सभेने ठरवून द्यावे. सभा गप्प बसली. आम्हीही त्या गप्प बसलेल्यांतलेच, हे नमूद करणे प्राप्त आहे. निर्णय शेवटी वहिनींनीच घेतला. तिन्ही जागा त्यांनी त्या सहकाऱ्यांच्या पत्नीबरोबर जाऊन पाहिल्या आणि मुलींच्या एका वसतिगृहातले कोठीघर व स्वयंपाकाची देखरेख पत्करली. पगार २४० रुपये आणि राहण्यास एक खोली. खोलीत त्यांनी आपले देव मांडले. अधीक्षिकाबाईंची त्यावर एकच सूचना होती : निरांजन लावून बाहेर जाऊ नये, पडदे खिडकीला लागून आहेत. हिंदी त्यांना मुलींनी शिकविले. वसतिगृहाला थालीपीठ त्यांनी. धर्माची गोष्ट त्या तेवीस वर्षांत कोणी काढली नाही, असे त्या स्वतः आम्हांस सांगत.

आता पुन्हा आपल्या मंडळाच्या दप्तराकडे वळू. १९८२ च्या एप्रिलात वहिनी खजिनदारांकडे वीस रुपये घेऊन आल्या आणि १,१४० रुपयांपैकी हा पहिला हप्ता म्हणाल्या. खजिनदारांनी परोपरीने समजाविले, की ती वर्गणी होती, कर्ज नव्हते. त्यांनी ऐकले नाही, पावती मागितली. दिलेच नव्हते ते कर्ज परत आल्याचे कोणत्या खात्यावर लिहावे, हा पेच कार्यकारिणीपुढे आला आणि दोन सभा झाल्यावर 'अनामत' असे नवे खाते उघडण्यात आले. दरमहा वीसप्रमाणे सत्तावन्न हप्ते त्या वहीत आहेत. शेवटचा डिसेंबर १९८६ चा. त्याखालच्या ओळीवर, जानेवारी १९८७ च्या तारखेने, घड्याळदुरुस्तीचे दुकान काढणाऱ्या एका नव्या सभासदास याच खात्यातून चारशे रुपये दिल्याची नोंद आहे. परतफेड, दरमहा वीस.